महालक्ष्म्या पहिल्यांदाच तुमच्या हातून बसणार असतील तर

घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे गणपतीत येणाऱ्या गौरी, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे येतात तेव्हा मुखवटे, कोठ्या (मुखवट्याखालची पत्र्याची धडं), साड्या, दागिने असं सगळं सामान नीट बांधून येतं. रीत मात्र बरेचदा सांगायची राहून जाते. सासूबाईंचे गुडघे थकलेले असतात, थोरल्या जाऊबाई परगावी असतात आणि भाद्रपद तोंडावर आल्यावर नव्या सुनेच्या लक्षात येतं, की कोणत्या दिवशी काय करायचं हे आपण इतकी वर्षं नुसतं पाहिलं, कधी विचारून घेतलं नाही. हा लेख तिच्यासाठी आहे. ज्या घरात मुलगाच पुढे होऊन हे सगळं करतो, त्या मुलासाठीही आहे.

माझं माहेर मराठवाड्यातलं आणि सासर कोकणातलं. माहेरी उभ्या महालक्ष्म्या, सोळा भाज्या, पंगतींवर पंगती. सासरी पाणवठ्यावरून मुक्यानं आणलेले खडे आणि तांदळाच्या पिठाचं घावन. दोन्हीकडे वावरल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. या सणात कामं तीनच आहेत: तिला बोलवायचं, जेवू घालायचं आणि पोचवायचं. बाकीचं सगळं घराघरानं ऐपतीप्रमाणे आणि हौसेप्रमाणे वाढवलेलं आहे. माणसं कमी पडली, वेळ अपुरा पडला, की काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही हे याच तीन कामांवरून ठरवा.

ती येते ती कोण

ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी येतात. ज्येष्ठा म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण, अलक्ष्मी. समुद्रमंथनात ती लक्ष्मीच्या आधी वर आली. पद्मपुराणातल्या कथेत तिचं लग्न उद्दालक ऋषींशी लागतं, पण वेदघोषानं भरलेल्या आश्रमात तिला राहवत नाही. ऋषी तिला पिंपळाखाली बसवून निघून जातात आणि ती तिथेच वाट पाहत रडत राहते. तिचं रडणं ऐकून लक्ष्मी विष्णूला घेऊन तिच्यासाठी धावून येते. जिला एरवी कुणी दारात उभं करत नाही, तिला भाद्रपदात तीन दिवस धाकटीच्या शेजारी, धाकटीइतक्याच मानानं बसवायचं आणि पूजेला नावही थोरलीचंच द्यायचं, हा या सणाचा मला सगळ्यात भावलेला अर्थ आहे.

कोकणात आणि देशावरही पुष्कळ घरी गौर म्हणजे पार्वती, गणपतीची आई, माहेरपणाला आलेली लेक. कोल्हापूरकडे तिच्या पाठोपाठ शंकरोबाही येतो. तुमच्या घरी यातलं कोणतं मानतात यावरून वाद घालू नका. गणपतीची आरती, महालक्ष्मीचं आवाहन आणि गौराईची गाणी एकाच घरात सुखानं नांदतात.

आता ज्येष्ठागौरीची कहाणी. ती पूजेच्या वेळी वाचतातच, पण यंदा आठ दिवस आधी शांतपणे वाचा, कारण सणाची सगळी कृती तिच्यातच सांगितलेली आहे. गरीब ब्राह्मणाची मुलं आईपाशी हट्ट धरतात, सगळ्यांच्या घरी गौरी आल्या, आपल्याही आणू. घरात काही नाही. बाप कंटाळून जीव द्यायला तळ्याकडे निघतो, तर वाटेत एक म्हातारी सवाष्ण भेटते आणि तो तिला घरी घेऊन येतो. बायको विचारते, या कोण? तो म्हणतो, आजी आहे. कण्या काढायला बायको मडक्यात हात घालते तर मडकं भरलेलं! त्या रात्री सगळी पोटभर पेज जेवतात. दुसऱ्या दिवशी म्हातारी न्हायला मागते आणि घावन-घाटलं करायला सांगते. तिसऱ्या दिवशी खिरीचं दूध हवं म्हणून ब्राह्मणाला खुंट पुरायला लावते आणि गाईम्हशींना नावानं हाका मारायला सांगते. गोठा भरतो. मग ती म्हणते, आता मला पोचती कर. ब्राह्मणाचा पाय निघत नाही. तेव्हा ती त्याला वाळू देते, घरावर, मडक्यांवर, गोठ्यात टाकायला सांगते. आणि दरसाल भाद्रपदात तळ्याच्या पाळीवरून दोन खडे आणून पूजा करायची रीत लावून देते.

बघा, कण्यांच्या पेजेपासून सुरुवात झाली आहे. सजावटीचं अवाक्षर नाही. खर्चाचं दडपण आलं की मी लोकांना हीच कहाणी पुन्हा वाचायला सांगते.

तारीख आणि वेळ

गौरी तिथीवर येत नाहीत, नक्षत्रावर येतात. भाद्रपद शुद्ध पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन आणि मूळ नक्षत्रात विसर्जन. म्हणून गणपतीच्या कितव्या दिवशी गौरी येणार हे दरवर्षी बदलतं. 2024 मध्ये चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि आवाहन 10 तारखेला, म्हणजे चौथ्या दिवशी झालं. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला आणि आवाहन 31 ऑगस्टला, पाचव्या दिवशी. ‘गणपती पाच दिवसांचा’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘गौरीबरोबर जाणारा’ म्हणणाऱ्यांनी हा फरक आधीच पाहून ठेवावा, नाहीतर रजेचं गणित चुकतं.

नक्षत्र दुपारी, रात्री, पहाटे कधीही बदलतं. त्यामुळे दाते पंचांग किंवा कालनिर्णय उघडून आवाहन कधीपासून कधीपर्यंत करता येईल ती वेळ पाहा आणि घरातल्या सगळ्यांना कळवा. कधी दिवसभर मोकळीक असते, कधी दुपारच्या आतच सगळं उरकावं लागतं. परदेशात असाल तर भारतातली वेळ तशीच उचलू नका. तुमच्या गावाची वेळ दाखवणारं पंचांग पाहा.

कोकणात आणखी एक गोष्ट बघतात. पावसाच्या नक्षत्रांपैकी पूर्वा चालू असताना गौरी आल्या तर त्या वर्षी नव्या सुनेचा पहिला ओवसा होतो. सुपात पानं, फळं, काकडी, सुकामेवा, खण ठेवून ती गौरीला ओवसते, म्हणजे ते सूप ओवाळते, आणि मग वडीलधाऱ्यांना वाण देते. पूर्वा नसेल तर पहिला ओवसा पुढच्या वर्षावर जातो. घरात नवी नवरी असेल तर हे आधी विचारा, कारण सुपं ऐन वेळी मिळत नाहीत.

आधी फोन लावा, मग खरेदीला निघा

गौरीचं रूप घराप्रमाणे ठरतं. मराठवाडा-विदर्भात कोठीवर उभ्या महालक्ष्म्या, पुढ्यात दोन बाळं, मुलगा आणि मुलगी. काही घरी पाच मडक्यांची उतरंड रचून वर मुखवटा ठेवतात, काही घरी धान्याच्या राशीवरच मुखवटे. कुठे तेरड्याची रोपं मुळांसकट बांधून त्यांनाच साडी नेसवतात, तर कोकणस्थांकडे नुसते खडे. नैवेद्यही असाच बदलतो. आगरी, कोळी आणि कोकणातल्या इतर अनेक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण, वडे, चिंबोऱ्या. त्या वेळी गणपतीपुढे पडदा ओढतात. तीही तितकीच जुनी आणि श्रद्धेची रीत आहे. इंटरनेटवरची यादी पाहून घरची रीत ‘सुधारायला’ जाऊ नका.

म्हणून सासूबाईंना, आत्याबाईंना, थोरल्या काकूंना फोन लावा आणि वही घेऊन बसा. एवढं तरी विचारून घ्या:

- गौरी कुठून आणायच्या: तुळशीपासून, दारातून की पाणवठ्यावरून? आणि आणायच्या कुणी, सुनेनं, लेकीनं की कुमारिकेनं?
- थोरली कोणत्या हाताला बसते? (मुखवटे सारखेच असतील तर थोरलीची खूण कोणती? आमच्या माहेरच्या थोरलीच्या कानामागे लाखेचा ठिपका आहे.)
- राशी कशाच्या, गहू-तांदळाच्या की आणखी कशाच्या?
- पहिल्या दिवशीची भाजी कोणती, मेथी की शेपू?
- नैवेद्य दुपारी की दिवेलागणीला? जेवायला कोण कोण बसतं?
- दोरे (गाठी मारलेलं हळदीचं सूत) घेतात का? घेत असतील तर कितव्या दिवशी?

घरात कुळाचार नसताना गौरी सुरू करता येतात का, असं बऱ्याच जणी विचारतात. जुनी मंडळी ‘आलेल्या गौरीच घ्याव्यात’ म्हणतात, कारण एकदा सुरू केलं की पिढ्यान्‌पिढ्या चालवावं लागतं. मन ओढ घेत असेल तर खड्यांच्या गौरी आणा. कहाणीत खुद्द तिनं तेच सांगितलं आहे.

सुतक आलं तर त्या वर्षी घरात गौरी बसत नाहीत. काही कुटुंबांत दुसऱ्या घरच्या माणसाकडून पूजा करवून घेतात. यात जीव लावून बसू नका. ती पुढच्या वर्षी येते.

मांडणी

मुखवटे चार-पाच दिवस आधी पेटीतून काढा. शाडूचे असतील तर ओलं कापड अजिबात लावू नका, मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका. नाकाच्या शेंड्याचा किंवा ओठाचा रंग गेला असेल तर मूर्तिकाराकडे न्या, पण चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, श्रावणातच जा. पितळी मुखवट्याला चिंच आणि मीठ लावून घासा, मात्र डोळ्यांत रंग भरलेला असेल तर तो भाग वगळा.

कोठ्यांच्या कडा हात फिरवून पाहा. गंजलेल्या पत्र्यानं पैठणीचा काठ फाटलेला मी पाहिला आहे. यावर सोपा उपाय म्हणजे कोठीला आधी जुना सुती परकर बांधायचा आणि निऱ्या त्यात खोचायच्या. साडीला पकडही मिळते आणि पत्राही टोचत नाही. कोठीच्या पोटात गहू किंवा तांदूळ भरायची रीत असेल तर ते आधी भरा, म्हणजे वजन तळाला राहतं आणि मुखवटा चढवल्यावर कोठी डुलत नाही. पाट डगमगत असेल तर पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवा.

साडी नेसवणं हे आदल्या रात्रीचं काम. निऱ्या जमिनीवर किंवा पलंगावर घालून, क्लिपा लावून, हलकी इस्त्री फिरवून ठेवा, मग दोघी मिळून खोचा. उभ्याउभ्या एकटीनं निऱ्या घालायला गेलात तर खालचा घेर कधीच जमत नाही. पदराच्या पिना आतल्या बाजूनं लावा. ठुशी, तन्मणी, लफ्फा यांचे दोरे मानेमागे एकत्र बांधा, म्हणजे वजन मुखवट्यावर येत नाही. खरे दागिने घालायचे असतील तर पूजनाच्या दिवशीच घाला आणि रात्री उतरवून ठेवा. मुखवटे मात्र आत्ता चढवायचे नाहीत, ते आवाहनाला.

आघाडा, केना, दुर्वा आणून ठेवा. आघाड्याचे तुरे साडीवर थेट ठेवू नका. त्याची काटेरी फळं रेशमात अशी अडकतात की काढताना धागा ओढला जातो. माळ करून गळ्यात घाला आणि खाली केळीच्या पानाची पट्टी द्या. कोकणात कळलावीची लालपिवळी फुलं गौरीला वाहतात, त्यांना गौरीचे हात म्हणतात. दिसतात फार सुंदर, पण कळलावीचं सगळं झाड विषारी असतं. घरात रांगती मुलं असतील तर फुलं उंचावर ठेवा आणि हाताळल्यावर हात धुवा.

थर्माकोलच्या मखराला महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे. कापडी पडदे, केळीचे खुंट, जुन्या साड्या यांवर मखर छान उभं राहतं. समई पदरापासून हातभर लांब ठेवा. हौसेनं लावलेल्या माळा, पंखा आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शनवर नकोत.

पहिला दिवस: बोलावणं

सकाळी उंबरा धुवून हळदकुंकू वाहा. दारापासून गौरींच्या जागेपर्यंत रांगोळीनं किंवा कुंकवानं पावलं काढा. काढताना ती आत येणारी दिसली पाहिजेत, घाईत उलटी निघतात. पावलांवर कुंकू ओलं राहिलं तर फरशीला डाग धरतो, म्हणून फिकट फरशीवर रांगोळीच बरी.

मुखवटे ताटात किंवा सुपात ठेवून तुळशीपाशी किंवा दाराबाहेर न्या. आणणारीनं डोक्यावर पदर घ्यावा. उंबऱ्याशी दुसऱ्या बाईनं तिच्या पायांवर दूध-पाणी घालावं, कुंकवाचं बोट लावावं, भाकरतुकडा ओवाळून टाकावा, औक्षण करावं. आता एकीनं विचारायचं, ‘गौरी आली, कशाच्या पावली?’ आणि आणणारीनं सांगायचं, ‘सोन्याच्या पावली’, ‘धनधान्याच्या पावली’, ‘लेकराबाळांच्या पावली’. मुलांच्या हातात ताट-चमचा द्या, घंटा द्या. हा गजर व्हायलाच हवा. खड्यांच्या गौरी असतील तर याच्या अगदी उलट: वाटेत चकार शब्द बोलायचा नाही, नुसती घंटा वाजवत यायचं.

मग तिला घर दाखवायचं. धान्याचे डबे, देवघर, कपाट, पूर्वीचा गोठा असेल तर गोठा. फ्लॅटमध्ये फ्रिजसुद्धा दाखवा, आता दूधदुभतं तिथंच असतं. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलापाशीही क्षणभर थांबतात, आणि मला ते फार आवडतं. शेवटी जागेवर येऊन कोठीवर मुखवटे चढवायचे, राशी घालायच्या, हळदकुंकू आणि फुलं वाहून दिवा लावायचा.

नैवेद्य साधा. बहुतेक घरी मेथीची किंवा शेपूची भाजी आणि भाकरी. प्रवासातून दमून आलेल्या लेकीला आई पहिल्या रात्री जे वाढेल ते. या दिवशी गोडाधोडाचा घाट घालू नका, ती ताकद उद्याला लागणार आहे.

दुसरा दिवस: जेवू घालणं

हा दिवस स्वयंपाकघराचा. पहाटे उठून सगळं एकटीनं करायचा हट्ट सोडा. आदल्या दिवशीच गूळ किसून ठेवा, भाज्या निवडून चिरून ठेवा आणि आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाका. फुलोरा तर आवाहनाच्याही आधी तळून होतो. करंज्या, आणि मैद्या-रव्याच्या पिठाची वेणी, फणी, करंडा, आरसा. हे दोऱ्यात ओवून गौरींच्या डोक्यावर टांगतात. वेणीसाठी पिठाच्या तीन लडी घट्ट वळा आणि मंद आचेवर तळा. तेल फार तापलं तर बाहेरून लाल आणि पेडात कच्ची राहते, मग दुसऱ्या दिवशी मऊ पडून दोऱ्यातून निसटते.

पुरणाचं माप: अर्धा किलो हरभरा डाळीला अर्धा किलो गूळ, त्यात मध्यम आकाराच्या पंचवीसेक पोळ्या होतात. डाळ बोटानं चिरडेल इतकी शिजवा, कट पूर्ण निथळून घ्या आणि मग गूळ घाला. पुरणात उभा केलेला उलथना आधाराशिवाय उभा राहिला की गॅस बंद. पुरण गरम असतानाच यंत्रातून काढा, गार झाल्यावर हात दुखून येतात. वेलची, जायफळ शेवटी. निथळलेल्या कटाची आमटी करा. आमच्या माहेरी पडवळ घालून कढीही असते.

सोळा भाज्यांची एकच मिसळ भाजी करतात. लाल भोपळा, दोडका, भेंडी, गवार, पडवळ, घोसाळं, तोंडली, कारलं, काकडी, सुरण, रताळं, कच्चं केळं, शेवग्याच्या शेंगा, चवळीच्या शेंगा, मका, अळू अशी यादी सहज भरते. कारलं कपाळावर आठी घालतं खरं, पण दोन चकत्या पुरतात, कडूपणा कळतही नाही. सुरण आणि रताळं आधी वाफवून घ्या. पातेल्यात शेंगा आणि गवार पहिल्यांदा, मग दोडका-पडवळ, भेंडी आणि अळू शेवटी. सुरण-अळूमुळे घसा खवखवू नये म्हणून चिंचेचा कोळ विसरू नका. आंबिलीला पाणी उकळून त्यात कालवलेलं पीठ हळूहळू सोडा, हात थांबू देऊ नका, मीठ, जिरं, आलं आणि खोबऱ्याचे पातळ काप घाला. नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नको असेल तर जिऱ्याची फोडणी भरपूर द्या. कोकणात या दिवशी घावन-घाटलं असतं, आणि नुसतं तेवढं केलं तरी गौर जेवली.

सोळा हा आकडा सगळीकडे भेटेल: सोळा भाज्या, आरतीला पुरणाचे सोळा दिवे, दोऱ्याला सोळा पदर आणि सोळा गाठी. पूजाही सोळा उपचारांची, आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य अशी. गुरुजी मिळाले तर उत्तम, त्यांची वेळ महिनाभर आधी घ्या. नाही मिळाले तर पोथी समोर ठेवून स्वतः करा. मंत्राचा उच्चार अडखळला म्हणून उपाशी जाणारी ती नाही.

महानैवेद्य केळीच्या पानावर वाढा, दोघींना दोन पानं, बाळांना लहान पान. नैवेद्य दाखवल्यावर थोडा वेळ खोलीतून बाहेर या आणि दार लोटा. तिला निवांत जेवू द्यायचं, अशी भावना. मग पुरणाच्या दिव्यांची आरती, कहाणी आणि नंतर सवाष्ण, ब्राह्मण, मग घरचे. विदर्भात आणि मराठवाड्यात महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे सगळी आळी जेवते. एवढ्यांचं जमत नसेल तर एक सवाष्ण आणि घरकामाला येणाऱ्या ताई यांना तरी पाटावर बसवून वाढा, डबा बांधून देण्यावर भागवू नका.

संध्याकाळी हळदीकुंकू. इथे मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. नवरा नाही म्हणून शेजारच्या काकूंना, स्वतःच्या आईला किंवा जावेला बोलवायचं नाही, ही रीत आता थांबवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक गाव हे करू शकतं, तर आपल्या दिवाणखान्यात आपण नक्कीच करू शकतो. कुणी घेत नाही अशा थोरल्या बहिणीचा मान करायला आपण हा मांड मांडला आहे. तिच्यासमोर घरातल्याच बाईला आतल्या खोलीत बसवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. फोन करून बोलवा, हळदकुंकू लावा, ओटी भरा. पहिल्या वेळी त्या नको म्हणतील, हात मागे घेतील. तरी बोलवा.

ओटीत खण, नारळ, तांदूळ किंवा गहू, हळकुंड, सुपारी, बदाम, खारीक. रात्री झिम्मा, फुगड्या, गाणी. इमारतीत खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा, बहुतेकदा तेही वर येतात.

तिसरा दिवस: पोचवणं

सकाळी आधी दोऱ्यांचं काम. हळदीत रंगवलेलं सोळा पदरी सूत घ्यायचं आणि एकेका गाठीत एकेक जिन्नस बांधायचा: सुकामेवा, बेलफळाचा तुकडा, झेंडूचं पान, काशीफळाचं फूल, रेशमाचा धागा. घाई करू नका, पोरींना शेजारी बसवून गाठी मारायला शिकवा. काही घरांत बायका हा दोरा गळ्यात बांधतात आणि नवं पीक आल्यावर आश्विन वद्य अष्टमीला पूजा करून उतरवतात.

नैवेद्याला गव्हल्यांची किंवा शेवयांची खीर, कानवले, दहीभात आणि भाजलेला उडदाचा पापड. पाठवणीचं जेवण आहे, वाटेला पोटात थंड असावं. दहीभाताची शिदोरी बांधूनही देतात. उत्तरपूजा करून, मूळ नक्षत्र असताना, दोघींवर अक्षता टाका, ‘पुढच्या वर्षी लवकर ये’ म्हणा आणि मुखवटे जागेवरून किंचित हलवा. विसर्जन झालं. मुखवटे पाण्यात सोडायचे नसतात. खडे, तेरडा, पत्री आणि निर्माल्य एवढंच पाण्याशी जातं, आणि निर्माल्य पाण्यात न टाकता कलशात किंवा झाडाच्या आळ्यात घातलं तर जास्त बरं. गणपतीही याच दिवशी जात असेल तर दोघांची आरती एकत्र करा.

परत येताना पाणवठ्यावरची मूठभर वाळू किंवा माती आणा आणि घरात, धान्याच्या डब्यांवर, कुंड्यांत थोडी थोडी टाका. म्हातारीनं ब्राह्मणाला दिली होती, ती हीच. विसर्जनाला हौदावर गेलात तर बाजूच्या बागेतली माती चालेल.

साड्या त्याच रात्री घडी करून कपाटात घालू नका. धूप, कापूर आणि घरातल्या दमटपणानं त्यांना वास धरतो. दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाका, कुंकवाचे डाग असतील तर धुण्याआधी कोरडेच झटका. कोठ्या पुसून तेलाचा हलका हात द्या. मुखवटे जुन्या मऊ सुती कापडात वेगवेगळे गुंडाळा, नाकाच्या बाजूला कापसाचा जाड थर द्या, पेटीत कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत शाडूला घाम सुटतो. राशीचे गहू-तांदूळ रोजच्या डब्यात मिसळा आणि त्या आठवड्यात त्यातलीच पोळी, त्यातलाच भात करा.